पानगळीतल्या झाडांचे फोटो: खानदेशातल्या गावच्या भिंतीसाठी

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपल्याच शिवारातली झाडं रंगवायची, असा उपक्रम ठरला की त्याची पहिली पायरी म्हणजे फोटो. हा लेख पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. साधा स्मार्टफोन पुरतो. मात्र एक कसोटी सुरुवातीपासून डोक्यात ठेवा. फोटो गावातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवला की त्याने क्षणात म्हणावं, "हा तर नदीकाठचा निंब." तसं झालं नाही तर फोटो कितीही देखणा असला तरी तो या कामाचा नाही. झाड ओळखू येतं ते त्याच्या फांद्यांच्या ठेवणीवरून, आणि ती ठेवण उघडी पडते पानगळीत. म्हणून हे काम हिवाळ्यातच करायचं.

झाडं कोणती निवडायची

एका गावासाठी आठ ते बारा झाडं पुरेत. चाळीस झाडांची यादी करणारे गट तिसऱ्या आठवड्यात थकतात आणि अर्धी झाडं पालवी फुटल्यावर टिपतात.

यादी घरी बसून करू नका. सकाळी पारावर, दूध डेअरीवर, मारुतीच्या ओट्यावर बसणाऱ्यांना विचारा. गुराखी आणि सालदार (सालाने ठेवलेले शेतगडी) यांना विचाराच, कारण शिवारातलं प्रत्येक झाड त्यांच्या सावलीच्या हिशेबात असतं. "आबा, शिवारात सगळ्यात जुनं झाड कोणतं?" असं विचारलं की सहसा वड किंवा चिंच हेच उत्तर येतं. "कोणत्या झाडाखाली लोक थांबतात, कोणतं झाड कोणी तोडू देत नाही?" असं विचारा, मग खरी यादी निघते. शेताच्या नावाने ओळखलं जाणारं झाड, वीज पडून दुभंगलेलं तरी जगलेलं झाड, मोहोळांचं झाड, विहिरीवरचा उंबर, बांधावरची एकटी सालई, सगळं याच प्रश्नातून समोर येतं.

यादीत वेगवेगळ्या जाती असू द्या. तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या गावात वड, पिंपळ, निंब, चिंच, बाभूळ मिळतील. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात की पळस, मोह, साग, सालई, धावडा, कुसुम सुरू होतात. धुळे आणि नंदुरबारच्या कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर अंजन शोधा. खानदेशाची ओळख सांगणारं एकच झाड घ्यायचं तर आम्ही अंजन घेऊ. दोन-दोन पानांची जोडी, खाली झुकलेल्या बारीक डहाळ्या, खडकातून सरळ वर आलेलं खोड. भिंतीवर ते फार सुंदर उतरतं.

रस्त्याकडेची झाडं यादीत वर ठेवा. रुंदीकरणात ती सगळ्यात आधी जातात, आणि गेल्यावर त्यांचा आकार कोणाला नेमका आठवत नाही.

प्रत्येक झाडाची पानगळ वेगळी

इथे बहुतेक गटांची गफलत होते. सगळी झाडं एका रविवारी उरकायची ठरतात आणि त्या दिवशी निंब हिरवागार, पळस अर्धा झडलेला, साग पूर्ण उघडा असं मिळतं. आपल्याकडची पानगळ दिवाळीनंतर हळूहळू सुरू होऊन चैत्रापर्यंत चालते आणि प्रत्येक झाड आपल्या वेळेने रिकामं होतं. पाऊस उशिरा संपला किंवा झाड कॅनॉलच्या, मळ्याच्या पाण्यावर असलं की गळती दोन-तीन आठवडे पुढे जाते. केळीच्या बागेजवळची झाडं म्हणूनच उशिरा झडतात.

ढोबळ वेळापत्रक असं:

नोव्हेंबर-डिसेंबरात मोई आणि सालई पिवळ्या पडू लागतात. कांडोळाची पानं याच सुमारास गळून पांढरं, गुळगुळीत खोड उघडं पडतं.

डिसेंबर-जानेवारीत धावड्याची पानं तांबूस होतात. आपल्याकडे पानांचा असा लाल-तांबडा रंग देणारी झाडं थोडी, तेव्हा हा सोडू नका. काटेसावर रिकामी होते. साग तपकिरी पडतो, पानांची चाळण होते.

जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीत पळस पानं टाकतो आणि लगेच फुलांवर येतो. उघडी फांदी आणि फुलं यांच्यामध्ये फार थोडे दिवस मिळतात. काटेसावर लाल फुलांनी भरते. बेहडा, अंजन, साग जवळजवळ रिकामे असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ आणि निंब. ही दोन झाडं फार कमी दिवस उघडी राहतात, एकीकडे पान गळतं तोवर दुसरीकडे तांबूस पालवी येते. यांच्याकडे आठवड्याला चक्कर मारावीच लागते. कुसुमाची नवी पालवी लालभडक असते आणि लांबून फुलांसारखी दिसते. ती आठ-दहा दिवसांत हिरवी होते. मोह फुलण्याआधी झडतो.

वड, चिंच, बाभूळ पूर्ण उघडे पडत नाहीत. त्यांचा फोटो कधीही घ्या, फक्त सावल्या लांब असताना.

भिंतीवर कॅलेंडर टांगा, झाडापुढे 'पाहिलं' आणि 'टिपलं' अशा दोन तारखा लिहा. एका झाडाला किमान तीन फेऱ्या: पानांसकट, पूर्ण उघडं, आणि पालवी किंवा फूल आल्यावर. तिन्ही फोटो एकाच जागेवरून असले तर रंगवताना पर्याय राहतो.

सोबत काय न्यायचं

फोन, चार्ज केलेला आणि लेन्स पुसलेला. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो, उन्हाकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ दिसतो. सुती कपड्याने पुसा.

एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा पीव्हीसी पाइप, दर २० सेंटीमीटरला लाल-पांढरा पट्टा रंगवलेला. पाच पट्टे होतात. ही या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

दहा मीटर सुतळी आणि मोजपट्टी. शिवणाची टेप दीड मीटरची असते, मोठ्या वडाला पुरत नाही. सुतळी गुंडाळून मग ती मोजा.

पांढऱ्या ड्रॉइंग कागदाचा तुकडा, वही, पेन. सकाळी थंडी असते म्हणून टोपी-मफलर, आणि पायात बूट. कुसळं मोज्यांत शिरली की दिवसभर टोचतात.

घेर मोजा, वय लिहू नका

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजतात. वनखात्याची पद्धत हीच. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरा. त्याच उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या थोडं खाली मोजा आणि वहीत तसं लिहा. साडेचार फुटांच्या खालीच दोन खोडं झाली असतील तर दोन्ही वेगळी मोजा. वडाच्या बाबतीत खोडाला चिकटून जाड झालेल्या पारंब्या मूळ खोडात धरल्या की आकडा फुगतो. त्या वगळता येत नसतील तर 'पारंब्यांसह' असं नोंदवा.

गावात विचारलं तर प्रत्येक वड दोनशे-तीनशे वर्षांचा असतो. घेरावरून वडाचं वय ठरत नाही, कारण अनेक खोडं मिळून एक झालेली असतात आणि पाणी कसं मिळालं यावर वाढ ठरते. भिंतीवर खोटा आकडा रंगवण्यापेक्षा मोजलेला घेर लिहा. वयाचा प्रश्न शहरात कायद्याशीही जोडलेला आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष जतन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं गेलं. जळगाव, धुळे, भुसावळ अशा ठिकाणी काम करत असाल तर तुमचे तारीखवार फोटो आणि घेराच्या नोंदी पुढे उपयोगी पडू शकतात. त्या नीट सांभाळा.

उभं राहायची जागा

नवख्यांचा फोटो बिघडतो तो इथे. झाड मोठं, आपण जवळ, मग फोन वर तिरका करायचा. परिणाम असा की बुंधा हत्तीच्या पायाएवढा, शेंडा टाचणीएवढा आणि खोड मागे पडत असल्यासारखं. असा फोटो भिंतीवर उतरवला की झाड ओळखू येत नाही. अल्ट्रावाइड म्हणजे ०.५ची लेन्स तर पूर्ण वर्ज्य. ती कडेच्या फांद्या ताणते.

नियम सोपा आहे. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर उभे राहा, फोन उभा आणि अगदी सरळ धरा, १एक्स वर, म्हणजे मुख्य लेन्सवर, ठेवा. शेंडा मावतो. १५ मीटर उंच झाडासाठी सुमारे २२ मीटर, म्हणजे तीसेक पावलं. मागे जागा असेल तर २एक्स लावून तिप्पट अंतरावर जा, म्हणजे ४५ मीटर. आकार आणखी खरा येतो. पसरट वडासाठी फोन आडवा धरा आणि उंचीऐवजी पसाऱ्याचा हिशेब करा: १एक्स वर पसाऱ्याएवढं अंतर पुरतं, पण दीडपट गेलात तर चांगलं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू करा. त्याच्या उभ्या रेषेशी जवळचा विजेचा खांब किंवा घराचा कोपरा जुळवा. खोडाशी जुळवू नका. झाड खरोखरच कललेलं असेल तर ते कललेलंच दिसायला हवं.

काठी बुंध्याला टेकवून सरळ उभी करा आणि मगच फोटो घ्या. फोन सरळ धरलेला असेल तर या एका फोटोवरून उंची निघते. फोटोत झाड १९५० पिक्सेल आणि काठी १३० पिक्सेल भरली तर १९५० भागिले १३०, म्हणजे १५ मीटर. फोन तिरका असेल तर हा हिशेब फसतो. त्यानंतर त्याच जागेवरून काठी काढून दुसरा फोटो घ्या.

मग जागा पक्की करा. मैलाचा दगड, बांधाचा कोपरा, पुलाचा कठडा अशी न हलणारी खूण निवडा आणि वहीत लिहा: 'मोरीच्या पूर्वेकडच्या टोकावर, झाडाकडे तोंड करून, फोन छातीच्या उंचीवर.' शेतातल्या खुणेवर भरवसा ठेवू नका. कापूस उपटल्यावर नांगरणी झाली की ती राहत नाही. पुढच्या फेरीला आधीचा फोटो उघडून त्याच्याशी चौकट जुळवा.

पार्श्वभूमी बघा. उघड्या करड्या फांद्या वाळलेल्या करड्या टेकडीसमोर आल्या तर त्यात विरघळून जातात. गुडघ्यावर बसा, फोन खाली न्या, फांद्यांमागे आभाळ येऊ द्या. विजेच्या तारा आल्या तर दहा पावलं बाजूला सरका. फोटोतून तारा पुसण्याच्या नादात बारीक डहाळ्याही पुसल्या जातात.

उजेड

खानदेश साधारण २१ अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही तो डोक्यावर येत नाही, जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणून झाडाची दक्षिण बाजू दिवसभर उजेडात आणि उत्तर बाजू सावलीत. तुम्ही झाडाच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे फोटो घ्या. ऊन पाठीशी, आभाळ गडद निळं. तापीच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत या दिशेला मागे सातपुडाही येतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकटपणामुळे तो दिसत नाही. अवकाळी सरी येऊन गेल्या की दुसऱ्या दिवशी कडा स्पष्ट होतात, तो दिवस वाया घालवू नका. चाळीसगाव-पाटणादेवीकडे उलट अडचण आहे: डोंगर दक्षिणेला, त्यामुळे तो मागे घ्यायचा तर ऊन समोर येतं. तिथे सकाळी लवकर किंवा चारनंतर जा.

जानेवारीत जळगावकडे सातच्या सुमारास उजाडतं आणि सहा वाजून गेल्यावर मावळतं. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही सगळ्यात चांगली वेळ. वारा नसतो, डहाळ्या हलत नाहीत, रस्त्यावरची धूळ उडालेली नसते. दहानंतर कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर सुरू झाले की हवेत धूळ चढते.

सालीचा पोत हवा असेल तर ऊन तुमच्या उजव्या किंवा डाव्या हाताला असू द्या. खोडावरच्या भेगांत सावल्या भरतात, निंबाची आणि बाभळीची साल उठून दिसते. पाठीमागून ऊन असेल तर तीच साल सपाट दिसते.

फक्त आकृती काळी हवी असेल, म्हणजे भिंतीवर छायाकृती उतरवायची असेल, तर सूर्य मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेकडे तोंड करून घ्या. फोनच्या पडद्यावर बोट आभाळावर टेकवा. भिंतीसाठी हा फोटो सगळ्यात सोपा, कारण कडा स्वच्छ मिळतात.

बोट कुठे टेकवायचं

उघडं झाड आणि मागे लख्ख आभाळ असलं की फोन आभाळ बघून फोटो अंधारा करतो. खोडावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा.

पळस आणि काटेसावरीला उलट करा. भगव्या-लाल फुलांचा रंग फोनमध्ये फार लवकर फुटतो आणि पाकळ्यांचा नुसता सपाट डाग उरतो. उजेड कमी करा, फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल, तपशील राहतो. कुसुमाच्या पालवीलाही हेच. कांडोळाचं पांढरं खोडही उन्हात जळतं. ते सावलीच्या वेळी, ऊन चढण्याआधी घ्या.

फोनमधली 'सौंदर्य' किंवा 'चमकदार रंग' सेटिंग बंद ठेवा. ती धावड्याचा तांबूस रंग केशरी करून टाकते आणि रंगवणारे त्यावर विसंबतात. म्हणूनच गळलेली तीन-चार पानं पांढऱ्या कागदावर, सावलीत, वरून सरळ फोटो घेऊन ठेवा. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंगही खरा. सालीचाही असाच एक जवळून फोटो, काठीचा एक पट्टा शेजारी धरून.

परवानगी आणि काळजी

शेतात शिरण्यापूर्वी मालकाला किंवा सालदाराला विचारा. रब्बीला पाणी दिलेलं असेल तर बांधावरूनच चाला, हरभऱ्यात-गव्हात पाय टाकू नका. अहिराणी बोलणाऱ्या गावात "हाई झाड कोनं शे?" एवढं विचारलं तरी पुढचं बोलणं सोपं होतं.

सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवर काही झाडांशी देव बांधलेले असतात. दगड, शेंदूर, मातीचे घोडे दिसले की थांबा आणि पाड्यावरच्या जाणत्या माणसाला विचारा. नाही म्हटलं तर ते झाड यादीतून काढा. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. यावल, अनेर डॅम, गौताळा या अभयारण्यांत वनखात्याची परवानगी लागते. ड्रोनचा विचारच सोडा, त्याची या कामात गरज नाही.

मोठ्या वडावर, पिंपळावर, काटेसावरीवर आग्या मोहोळ असतं. आधी वर बघा. मोहोळ असेल तर फ्लॅश नाही, अत्तर नाही, धूर नाही, आणि लहान मुलांना तिथे न्यायचं नाही. जंगलाच्या कडेला जानेवारीपासून खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. लव उडून अंगावर आली की आग होते. मखमली करड्या-तपकिरी शेंगांचा वेल दिसला तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहू नका. केळी आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथे उजाडण्यापूर्वी एकट्याने जाऊ नये.

फोटो सांभाळणं

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि डहाळ्यांचं नुसतं धुकं होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला नाव द्या: गाव, झाड, जागा क्रमांक, तारीख. १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० बाय ३०००, ए३ कागदावर इंचाला सुमारे २४० ठिपके देतो. छपाईला एवढं उत्तम. निवड करताना गावातली चार माणसं बसवा आणि नाव न सांगता फोटो दाखवा. ज्या फोटोतलं झाड ओळखता आलं नाही तो फोटो बाजूला.

भिंतीवर उतरवणं

निवडलेला फोटो ए४ वर काळा-पांढरा छापा. त्यावर २ सेंटीमीटरचे चौकोन आखा, आडव्या कागदावर १४ बाय १० बसतात. भिंतीवर एका चौकोनाला एक फूट धरलं तर चित्र १४ फूट रुंद, १० फूट उंच होतं. वडासाठी हे माप बरोबर. उंच झाडासाठी कागद उभा ठेवून चौकोन ८ इंचांचा धरा: सुमारे सव्वानऊ फूट उंच आणि पावणेसात फूट रुंद. सुताला नीळ चोळून ताणून सोडलं की सरळ रेषा मिळतात आणि नंतर पुसताही येतात.

भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग सोडा. तिथे लोणा लागतो आणि पावसाळ्यानंतर रंग पोपडे होऊन पडतो. जमीन आणि मुळं त्या रेषेच्या वरच संपवा. आधी जुना चुना खरवडा, प्रायमर लावा, दोन दिवस वाळू द्या. पश्चिमेकडची भिंत दुपारनंतर तापते, मार्च-एप्रिलात तिच्यावर पाण्याचा रंग ब्रशखालीच सुकतो. सकाळी अकरापर्यंतच काम करा.

फांद्या खोडाकडून टोकाकडे रंगवा. खोडाला चार इंची ब्रश, मोठ्या फांद्यांना एक इंची, डहाळ्यांना बारीक गोल ब्रश. सगळ्या डहाळ्या काढायच्या नाहीत, अंगठ्याएवढ्या जाड फांदीपर्यंत नेमकं जा, पुढे मोजक्या रेषा. मुलांना पानं आणि फुलं द्या, खोडाची कडा सवय असलेल्या माणसाकडे.

शेजारी छोटी चौकट ठेवा. त्यात आधी गावात म्हणतात ते नाव, पिंपय असो की पयस, मग प्रमाण मराठीतलं. खाली झाड कुठे आहे ती जागा, घेर, मोजल्याचा महिना आणि साल. घेराच्या आकड्याखाली दोन ओळी रिकाम्या राहू द्या, पुन्हा मोजाल तेव्हा तिथे लिहायला.